टेकूवरचा हात

मी टेकू बोलतोय. खारफुटीच्या लाकडाचा, पुरुषभर उंचीचा, कमरेत जरासा वाकलेला. गलबत दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर घेतलं आणि ओहोटीने त्याच्या खालचं पाणी काढून नेलं, की ते एका कुशीवर कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांनी आम्हाला उभं करतात. पाण्यात असताना गलबत कसं डौलात चालतं, पण जमिनीवर आलं की त्याला स्वतःचंच पोट आवरत नाही. मग आमची गरज लागते.

तुम्ही म्हणाल, टेकूला काय कळतंय. पण जरा विचार करा. दिवसभर एका जागी उभं राहायचं, एक कान गलबताच्या पोटाला लागलेला, दुसरा किनाऱ्याकडे. लामू बेटावरच्या आमच्या मातोंडोनी गावात कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोणाच्या घरी पाहुणे आलेत आणि ते कशासाठी आलेत, कोण कंबर धरून चालतोय आणि विचारलं तर काही नाही म्हणतोय, हे सगळं मला घरबसल्या कळायचं. मला चौकशा करत हिंडायची सवय नाही. हिंडताच येत नाही. पण कानावर पडतं त्याला मी काय करणार?

माझा जन्म खाडीच्या चिखलातला. भरतीला गळ्यापर्यंत पाणी, ओहोटीला पायाशी खेकडे. लाकूडतोड्यांनी तोडलं तेव्हा मी चांगला मांडीएवढा जाड झालो होतो. घराचं छत पेलायला जायचं, असं ठरलं होतं. लामूच्या धक्क्यावर घरमालक आला, त्याने एक डोळा मिटून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, हा वाकडा आहे. झालं. सरळ भाऊबंद सगळे गेले आणि मी धक्क्यावर उन्हात पडून राहिलो. येणारेजाणारे माझ्यावर बसून पायातले काटे काढायचे.

एके दिवशी मातोंडोनीचे फुंदी अथमान आले. फुंदी म्हणजे कारागीर, पण त्यांच्या नावाला तो शब्द इतका चिकटलाय की त्यांची बायकोसुद्धा त्यांना फुंदीच म्हणते. त्यांनी पायाने मला एकदा लोळवलं, पुन्हा लोळवलं आणि हसले. म्हणाले, हा कोणाला नको असेल तर मला द्या, गलबताचं पोट तरी कुठे सरळ असतं?

तेव्हापासून डाव्या अंगाचा चौथा टेकू मी. पोट सगळ्यात जास्त सुटलेलं असतं ती जागा. माझा वाक तिथे असा बसायचा की मधे कागद सरकायचा नाही. एका गलबताला आम्ही चौदा जण लागायचो, सात इकडे, सात तिकडे. पण मधली जागा ती मधली जागा. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

इथल्या कारागिरांचं मला पहिल्यापासून कौतुक वाटत आलंय. कागद नाही, नकाशा नाही, डोळ्याने मोजून फळी अशी तासतात की जुनी कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली ते पाण्यालाही कळू नये. पण एका बाबतीत मी त्यांना मनातल्या मनात रागवायचो. लागलेलं लपवायचे. तासणी नडगीवर बसली, तर चिंधी बांधून परत कामाला. चुना आणि चरबी कालवून गलबताच्या बुडाला फासतात, ते डोळ्यात गेलं तर खोबरेल लावून परत कामाला. खिळा तळपायात घुसला तर खिळ्यालाच शिव्या. कोणी विचारलंच तर म्हणणार, आलं होतं जरा रक्त. ओबो नावाचा एक सुतार होता, आजही आहे. त्याच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं. तो म्हणायचा, उरलेलं अर्धं मोजणाऱ्यांच्या सोयीसाठी ठेवलंय.

एकदा एक सरकारी माणूस आला आणि सगळ्यांना डोक्यात घालायच्या पिवळ्या टोप्या देऊन गेला. कडक, टणक टोप्या. चार दिवस सगळे घालून हिंडले, एकमेकांच्या डोक्यावर मोगरीने ठोकून पाहिलं. पाचव्या दिवशी कोणाला तरी कळलं की गलबताच्या तळातलं पाणी उपसायला त्या टोपीसारखं भांडं नाही. मग काय, आमच्या किनाऱ्यावरची डोकी उघडी आणि गलबतं कोरडी.

तरी एक गोष्ट मात्र हे लोक चुकवायचे नाहीत. ती म्हणजे एक शब्द. धरलाय.

गलबताच्या पोटाखाली एकट्याने जायचं नाही, हा अथमानांच्या आजोबांपासूनचा नियम. एक जण आत, एक जण बाहेर. बाहेरच्याने मधल्या टेकूवर तळवा ठेवायचा आणि तळवा टेकला की म्हणायचं, धरलाय. तो शब्द ऐकल्याशिवाय आत जाणारा कमरेत वाकत नाही. आता तळव्याने कोणी गलबत तोलून धरत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सुटायच्या आधी टेकू थरथरतो. बारीक थरथर, डोळ्याला दिसत नाही, तळव्याला मात्र समजते. बाहेरचा हाक मारतो, आतला सरपटत बाहेर येतो. दोन-चार श्वासांचाच खेळ असतो सगळा, पण तेवढ्यात माणूस वाचतो.

माझ्यावर किती तळवे टेकले असतील, त्याचा हिशेब नाही. घामेजलेले, तेलकट, भेगाळलेले. मी प्रत्येक हात ओळखायचो.

आणि पोटाखाली जाणारा बहुतेक वेळा शेकुवे असायचा. तो फळ्यांच्या फटी बुजवायचा. जुना कुजका कापूस काढायचा, तेलात भिजवलेला नवा कापूस छिन्नीने फटीत सारायचा आणि वरून मोगरीचे ठोके. सगळ्या किनाऱ्यावर त्याच्यासारखा दुसरा नव्हता, कारण तो हाताने जितकं काम करायचा तितकंच कानाने. फट भरली की ठोक्याचा आवाज खणखणीत यायचा, आत ओल राहिली असेल तर भदभदीत. इतरांना दोन्ही सारखेच वाटायचे. शेकुवे डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, इथे दोन बोटं जागा कच्ची आहे. उकरून बघावं तर बरोबर दोन बोटं.

आता दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला अजून जड होतं.

दुपारची ओहोटी होती. शेकुवे माझ्याजवळ येऊन छिन्नी-मोगरी घेऊन उभा राहिला. त्या दिवशी बाहेर थांबायचं होतं खुद्द फुंदी अथमानांनी. ते दहा पावलांवर माडाच्या सावलीत बसले होते. एका हातात आल्याच्या कॉफीचा पेला आणि समोर जुना दोस्त, पाते बेटावरून आलेला. गप्पा रंगल्या होत्या. शेकुवेने पाठमोऱ्यानेच विचारलं, फुंदी? आणि फुंदींनी तिथूनच, बसल्या जागेवरून, पेल्यातला घोट गिळता गिळता म्हटलं, धरलाय.

मुद्दाम नाही हो. तीस वर्षं तोच शब्द बोलून बोलून जीभ अशी सरावली होती की हाताची वाटच पाहीना. शेकुवे वाकला आणि आत गेला.

माझ्या पायाखालची फळी सकाळच्या भरतीने एका अंगाला खचली होती. पाचर सैल झाली होती. मी थरथरायला लागलो. दोन श्वास नव्हे, चांगले दहा-बारा श्वास मी थरथरत राहिलो. एवढ्या वेळात तीन माणसं बाहेर आली असती. पण माझ्यावर कोणाचाच हात नव्हता. मग मी घसरलो. गलबत वीतभरच खाली बसलं, पण त्या वीतभरात शेकुवेचा उजवा गुडघा होता.

सगळे धावले, खांदे लावले, दुसरे टेकू ठोकले, त्याला बाहेर ओढलं, होडीत घालून लामूच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला. पण गुडघा पुन्हा कधी वाकला नाही.

संध्याकाळी लोक जमले, काय झालं, कसं झालं. अथमान खाली बघून एवढंच म्हणाले, टेकू घसरला. खोटं नव्हतं. मी घसरलोच होतो. बाकीचं त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांना विचारणार कोण? मी त्यांच्या पायाशी पडून सगळं ऐकत होतो. ओबोचं म्हणणं, हा टेकू अपशकुनी आहे, जाळून टाकू. तर दवाखान्यातून शेकुवेचा निरोप आला: चौथा टेकू जाळू नका, त्याच्यासारखा वाक दुसऱ्या कोणाला नाही. अंगावर गलबत बसलेला माणूस आणि निरोप काय पाठवतो, तर टेकूला सांभाळा. मी तेव्हाच त्याचा झालो.

आठ महिन्यांनी तो काठी टेकत किनाऱ्यावर आला. पोटाखालचं काम संपलं होतं. गुडघा वाकत नाही, वेळ आली तर पटकन बाहेर कसा येणार? अथमानांनी त्याला म्हटलं, तू आता टेकूंकडे बघ. रोज सकाळी प्रत्येक टेकू, प्रत्येक पाचर तपासायची, तुला योग्य वाटलं तरच आत माणूस सोडायचा. तू थांबा म्हणालास की काम थांबेल.

ऐकायला छान होतं. पण अख्ख्या गावाला वाटत होतं की ही दयेपोटी दिलेली बसायची जागा आहे. लंगड्याला काहीतरी द्यायचं म्हणून दिलंय. शेकुवेलाही ते कळत होतं. त्याला दया नको होती. आपल्या थांबा म्हणण्यावर लोकांनी खरंच थांबावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि तेच होत नव्हतं. त्याने थांबा म्हटलं की लोक हसायचे, हो हो करायचे आणि मागच्या बाजूने वाकून आत जायचे. घाबरलाय बिचारा, म्हणायचे, एकदा अंगावर पडलंय ना.

ओबोने तर त्याचं नावच ठेवलं, टेकूंचा नवरा. चौदा बायका आहेत म्हणे, रोज सकाळी एकेकीची विचारपूस करतो.

शेकुवेची बायको बी एशा, तिने घर चालवायला तोवर किनाऱ्यावर चहाची जागा मांडली होती. वेलचीचे गोड वडे आणि नारळाच्या दुधातल्या तुरी. ती ओबोच्या ताटलीत वडा टाकत म्हणाली, "चौदा सवती आहेत खऱ्या मला. पण भाऊजी, नऊ माणसांच्या घरात नांदलेय मी. इतक्या गुणी बायका पहिल्यांदाच पाहते. एक शब्द उलटा बोलत नाहीत." ओबोने वडा तोंडात घातला. पण नाव काही सुटलं नाही.

शेकुवे कोणाला उलट बोलायचा नाही. सकाळी यायचा, एकेका टेकूवर मोगरीने हलके तीन ठोके मारायचा, वर, मधे, खाली, आणि डोळे मिटून ऐकायचा. मग पाचर बघायचा, पायाखालची फळी बघायची म्हणून त्या ताठ पायाने अवघडून वाळूवर बसायचा. एक टेकूही त्याने कधी घाईने उरकला नाही. रमजानच्या उपासात, तोंडाला कोरड पडलेली असतानाही चौदाच्या चौदा. तो माझ्याजवळ आला की मी ताठ उभा राहायचो.

आणि इथेच मी एक चूक केली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

भरतीच्या पाण्यात पाय बुडवून वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर तळातून कीड शिरते. बाहेरून काही दिसत नाही. साल तशीच, रंग तसाच, आत मात्र बोटाएवढी बिळं वर वर चढत जातात. मला ती लागली. चांगलं लाकूड आतून बिघडलं की करकरतं, भाराखाली कण्हतं, म्हणजे माणसं सावध होतात. मी आवाज दाबून धरला. एकदा घसरलेला टेकू मी, पुन्हा करकरलो तर नक्की चुलीत जाणार. मधली जागा जाणार. दुखणं लपवायची ही सवय मला माणसांकडूनच लागली. इतकी वर्षं त्यांच्यात काढली, दुसरं काय शिकणार?

मग तो दिवस आला, ज्यासाठी मी हे सगळं सांगायला बसलोय.

नाखवा बुनुचं गलबत किनाऱ्यावर होतं. उधाणाचे दिवस. त्या दिवशी दुपारनंतरची भरती सगळ्यात मोठी, तिच्यावर गलबत तरंगवायचं ठरलं होतं. ती चुकली की पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरा दिवस, वाळूतच. बुनु काही वाईट माणूस नाही. पण पलीकडच्या किनाऱ्यावर त्याच्यासाठी आंबे भरून ठेवलेले, आणि आंबे काही नाखव्याची वाट बघत थांबत नाहीत. कण्याजवळच्या दोनच फटी भरायच्या राहिल्या होत्या. ओबो आणि आणखी एक जण छिन्न्या घेऊन तयार होते.

शेकुवेचे ठोके चालू होते. पहिला टेकू, दुसरा, तिसरा. माझ्याकडे आला. वर एक ठोका. मधे एक. खाली एक. मग त्याने पुन्हा खाली एक मारला. डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले, आणखी एक. मी श्वास रोखून धरला होता. पण त्या कानापुढे काय चालणार?

"थांबा," तो म्हणाला. "चौथा टेकू बदलायचा. तोपर्यंत कोणी आत जायचं नाही."

आधी कोणी लक्षच दिलं नाही. मग तो चालत जाऊन, काठी आडवी धरून, ओबोसमोर उभा राहिला. तेव्हा सगळ्यांना कळलं की आज याला नुसतं हो हो म्हणून भागणार नाही.

बुनु आला. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली, नखाने साल खरवडली, लाथ मारली. मी दगडासारखा उभा. बाहेरून माझ्यात खोट काढून दाखवा, असा. भार असलेला टेकू बदलायचा म्हणजे आजूबाजूला दोन नवे उभे करा, त्यांच्या पाचरी ठोका, मग हा काढा. दुपार त्यातच जाणार. भरती येणार आणि फटी उघड्याच राहणार. बुनुला हे सगळं पाठ होतं. तो शेकुवेला म्हणाला, "दादा, तुझा पाय गेला त्याचं दुःख मलाही आहे. पण तुझ्या भीतीपायी माझे आंबे कुजवू का? याच टेकूने तुला खाल्लं, म्हणून त्याच्यावर राग काढतोस."

शेकुवे म्हणाला, "राग असता तर नऊ वर्षांपूर्वीच जाळला असता. आवाज बरोबर नाही."

"मला तर चांगला वाटला."

"तुम्ही गलबत चालवा नाखवा. तुम्हाला वाऱ्याचं ऐकू येतं, मला लाकडाचं."

लोक हसले, पण अवघडून. मग ओबोला एक शहाणपण सुचलं. म्हणाला, भांडता कशाला, टेकू काढा आणि करवतीने मधून चिरा. किडका निघाला तर शेकुवे खरा, चांगला निघाला तर त्याने आजपासून बी एशाचे वडे तळायला बसावं. भरती गेली तर गेली, निदान कोण खरं ते तरी कळेल, म्हणून बुनुला पटलं. सगळ्यांनाच पटलं. बी एशा चुलीपासून उठून आली होती, हातात झारा तसाच. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आणि शेकुवेने, माझ्या शेकुवेने, मान हलवली. चिरा म्हणाला. त्याला खात्री होती.

मला भीती वाटली नाही, हे मी शपथेवर सांगतो. उलट वाटलं, चिरा एकदाचं, दिसू दे सगळ्यांना.

फुंदी अथमान इतका वेळ काही बोलले नव्हते. आता त्यांचं वय झालंय, ते सावलीत बसूनच काम बघतात. ते उठले, सावकाश चालत माझ्याजवळ आले आणि त्यांनी तळवा माझ्यावर ठेवला. नऊ वर्षांत त्यांनी मला हात लावला नव्हता. तो हात मी लगेच ओळखला.

"नाही चिरायचा," ते म्हणाले.

बुनु म्हणाला, फुंदी, मग कळणार कसं?

अथमानांनी हात तसाच ठेवला. "त्या दिवशी शेकुवे आत होता आणि बाहेर मी होतो. मी धरलाय म्हणालो. माझा हात टेकूवर नव्हता, कॉफीच्या पेल्यावर होता. संध्याकाळी मी सांगितलं, टेकू घसरला. तुम्ही सगळ्यांनी मानलं. कोणी म्हणालं नाही, की फुंदी, चिरून दाखवा." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "माझा खोटा शब्द तुम्ही न तपासता घेतलात. आणि याचा खरा शब्द करवतीने चिरून बघायचा? आज चिरला तर उद्या पुन्हा चिरायला सांगाल. मग परवा, घाईच्या वेळी, चिरायला सवड नसेल तेव्हा एक जण आत मरेल. त्याने थांबा म्हटलं, काम थांबलं. बस."

ओबोने छिन्नी खाली ठेवली.

अथमान शेकुवेकडे वळले. शेकुवेच म्हणाला, "मला माहीत होतं, फुंदी."

"काय?"

"शब्द लांबून आला होता. दहा पावलांवरून. मला आवाजातला फरक कळतो."

"मग नऊ वर्षं बोलला का नाहीस?"

शेकुवे माझ्याकडे वळला. "आत वाकायच्या आधीच कळलं होतं," तो म्हणाला. "तरी वाकलो. फुंदींना परत कसं विचारायचं, म्हणून. माझीही जीभ उचलली नाही त्या दिवशी. म्हणून आता उचलतो."

नऊ वर्षं मला वाटायचं की त्या दुपारचं खरं फक्त मला ठाऊक आहे. किती खुळा मी. ज्याच्या पायावर गलबत बसलं तो पहिल्या क्षणापासून सगळं जाणून होता, त्यातला आपला वाटाही, आणि त्याने ना फुंदींना उघडं पाडलं, ना मला. रोज सकाळी येऊन चौदा टेकू ऐकत राहिला. इतकं मोठं मन मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही. आणि भर गर्दीत, दाढी पांढरी झाल्यावर, आपली चूक कबूल करायलाही मन लागतंच. ते फुंदींनी त्या दिवशी दाखवलं.

काम थांबलं. माझ्या दोन्ही बाजूंना नवे टेकू उभे राहिले, पाचरी ठोकल्या आणि मला काढून वाळूवर आडवं केलं. त्यात दुपार गेली. भरती आली, गलबताच्या कुशीपर्यंत चढली आणि तशीच निघून गेली. फटी राहिल्या त्या राहिल्याच. बुनुने कपाळाला हात लावला, मग दुसऱ्याचं गलबत मागून आंबे आणवले. त्यातले थोडे डागाळले. तो आठवडाभर शेकुवेशी बोलला नाही.

आणि झालं काही नाही. गलबत कलंडलं नाही. कोणी चिरडलं नाही, कोणी ओरडलं नाही. ओबो संध्याकाळी घरी गेला, पोरांना रागावला, जेवला, झोपला. तो त्या दिवशी कशातून वाचला हे त्याला कधीच कळणार नाही. मला कळलंय, कारण मला काढून आडवं केलं तेव्हा माझ्या पोटातल्या बिळांतून वाळूवर भुगा सांडला. थोडासाच. बी एशाचं लक्ष गेलं. तिने पायाने वाळू सारून तो झाकला आणि कोणाला सांगितलं नाही. फुंदींचा शब्द मोडायचा नव्हता तिला.

त्या दिवसापासून मात्र शेकुवेने थांबा म्हटलं की लोक थांबतात. टेकूंचा नवरा हे नाव आहेच, नावं अशी जात नाहीत. पण आता ओबो ते कसं म्हणतो, ते ऐकायला हवं तुम्ही. पंधरा दिवसांनी बुनुचं गलबत तरंगलं, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा दुरुस्तीला आला तेव्हा आपला खलाशी आत सोडण्याआधी स्वतःच शेकुवेला म्हणाला, दादा, एकदा ऐकून घे. शेजारच्या गावातूनही बोलावणी येतात. काठी टेकत, होडीत बसून, मोगरी कमरेला लावून तो जातो.

मी आता बी एशाच्या चुलीजवळ वाळूवर आडवा पडलोय, बसायचा ओंडका म्हणून. उभा नाही, आडवा. मोडलो तरी कोणी पडायचं नाही, तेवढं शेकुवेने आधी बघून घेतलं. जागा बाकी झकास आहे. पूर्वी एकाच गलबताचं ऐकू यायचं, आता अख्ख्या गावाचं येतं. संध्याकाळी शेकुवे आणि फुंदी अथमान माझ्यावर शेजारी शेजारी बसतात. फारसं बोलत नाहीत. शेकुवे पाय लांब करतो, काठी बाजूला ठेवतो. जगातल्या प्रत्येक लाकडाला ठोकून बघणारा हा माणूस, मला मात्र आता कधी ठोकून बघत नाही.

लोक येतात, पातेहून, फाझाहून. गोष्ट ऐकलेली असते. माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, मग खरंच किडका होता का हो हा? बी एशा म्हणते, चहा घ्या, थंड होतोय.

तुम्हीही कधी आलात तर बसा माझ्यावर. तुमच्या घरचं काय चाललंय ते बोला, मला ऐकायला आवडतं. आणि उद्या माझी लाकडं करायची वेळ आली, चुलीला सरपण कमी पडलं, तर माझी ना नाही. चहाला जळण व्हायला मला आनंदच आहे. एवढंच करा, मला अख्खा घाला. आत काय आहे ते बघायला चिरू नका. शेकुवेने सांगितलंय ना, तेवढं पुरे आहे.